पोट्टे संगं नेजो

दिग्रसजवळून,
संक्रांतीचा तिसरा दिवस

प्रिय मिताली,

तुझं पत्र भेटलं. वाचाले दोन दिवस लागले, कारण तुझं अक्षर डॉक्टराच्या चिठ्ठीसारखं झालं आहे. मी दुसरी पास, तू इंजिनेर, तरी माझं अक्षर बरं. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाह्यजो. फोन केला असता, पण फोन आहे ओसरीत. मी तो उचलला की तुझ्या बापाले तिथंच दाढी कराची आठवण येते अन् तुझ्या आईले तिथंच तांदूळ निवडाचे असतात. जे सांगाचं आहे ते त्यांच्यासमोर सांगता येत नाही. म्हणून लिहून राह्यली. तू विचारलं की आम्ही दोघं मनालीले जातो, रजतले अन् गौरीले दहा दिवस तुझ्यापाशी ठेवू काय. उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे वाट पाहाले नको. नाही. मी ठेवून घेणार नाही. पोट्टे संगं नेजो.

आता रागावू नको, वाच पुढं. दिवाळीत तू आलती तेव्हा तो चार पानांचा कागद घेऊन माझ्या खाटेवर बसली होती, आठवते? दिल्लीपर्यंत गाडी. तिथून भाड्याची मोटर, मधात एक मुक्काम, कारण वळणावळणाच्या रस्त्यानं लेकरं ओकतात. पोहोचल्यावर पहिला दिवस नुसतं बसून राहाचं, उंचीवरच्या हवेची सवय व्हाले. मग रोज सकाळी एकच तास. रजतच्या पायाले घसराच्या वीतभर फळ्या अन् शिकवाले एक माणूस, गौरीले दोरीनं ओढाची घसरगाडी. तू बर्फावर घसरशील तेव्हा जावईबापू पोट्टे पाहतील, ते घसरतील तेव्हा तू. दुपारी लेकरं झोपली तर उठवाचं नाही, मग बर्फ वितळो की राहो. छोटा कुकर संगं, मुगाची डाळ संगं. मी तोंडावर काही बोलली नाही, कारण तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडते. आता तू लांब आहे म्हणून लिहिते. एवढा विचार तुझ्या आजानं उभ्या जन्मात पेरणीचाही केला नाही. मारोतराव ढग पाहून घराबाहेर पडत अन् बियाणं घरी विसरत. तुझ्या त्या कागदात मले एकच चूक सापडली. मोजे बारा जोड लिहिले आहेत. वीस घे. चार वर्षांचं पोरगं अन् पावणेदोन वर्षांची पोरगी, दोघं मिळून दिवसाले किती जोड ओले करतील त्याचा हिशोब तुमच्या कॉम्प्युटरले येणार नाही.

एवढा चांगला कागद केला अन् दोन मोठ्या माणसांनी फू केलं तर उडून गेला? तुझ्या सासूबाई सुनीतीताई यवतमाळहून म्हणाल्या की एवढ्या लहान लेकरांले बर्फात नेते ती आई आहे की कोण. बाई शहाणी आहे, माझं काही म्हणणं नाही, पण तिनं आपली लेकरं कचेरीच्या पंख्याखाली वाढवली. मी पूस महिन्यात कापसाच्या वेचणीले जाची तेव्हा तुझा बाप चार महिन्यांचा होता. पऱ्हाटी दवानं अशी ओली राहे की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजे. त्याले बाभळीले बांधलेल्या झोळीत टाकून मी दोन तास ओळीनं चालत जाची. डोकं अन् तळपाय झाकले की लेकराले थंडी खात नाही, एवढंच शास्त्र. ते सुनीतीताईले माझ्या नावानं सांगजो. गोड बोलून सांगजो, शेवटी सासू आहे.

दुसरा फू मारणारा तुझा बाप. सदाशिवनं फोन ठेवला अन् मले म्हणे, काकी, मिताली ऐकली एकदाची, लेकरं इथंच राहतील. अन् म्हणे, मी नव्हतो काय लहानपणी मोठ्या मायपाशी राह्यलो, तुम्ही दिल्लीले गेलते तेव्हा, मले काय झालं? बावन्न वर्षांचा बाप्या झाला, पण बोलणं असं की समोरच्याले वाटावं आत्ताच शाळेतून आला. तो मले काकी म्हणतो याचं तुले लहानपणी मोठं नवल वाटे. सगळ्यांची आजी त्यांच्या बाबाची आई असते, मग आपल्या बाबाची आई काकी कशी, असं तू भर पंगतीत विचारलं होतं. मी म्हटलं, एकत्र घरात लेकरं जे कानावर पडते तेच बोलतात, जेव खाली पाहून. तुझ्या आईनं तर परवाच माळ्यावरून पाळणा उतरवला अन् गौरीसाठी दोऱ्या बदलल्या. तो पाळणा मी परत वर चढवला. तिले वाटते म्हातारीले आवाजाचा त्रास होते. वाटू दे.

तू आणखी एक लिहिलं, ते मले आवडलं नाही. गावात असे दिवस असताना आपण बर्फात खेळाले जावं हे बरं दिसत नाही, असं. दिवस आहेत तसे आहेत. माजघर यंदाही कापसानं आढ्यापर्यंत भरलेलं आहे. खरेदीचं केंद्र एक दिवस उघडं तर आठ दिवस बंद, अन् व्यापारी जो भाव सांगते तो ऐकून बैलही गाडीत मान घालत नाही. पण म्हणून तू पुण्यात तोंड पाडून बसली तर भाव वाढते काय? तांड्यावरचा उत्तमसिंग परवा ओसरीत बसून मले म्हणे, आजी, इथं कापसाले गिऱ्हाईक नाही अन् तुमची नात बर्फात घसराले चालली. मी म्हटलं, उत्तमसिंग, ती आपल्या कमाईनं चालली, तुझा चहा संपला असेल तर कप धुऊन ठेव. मग त्याले तुझा तो लाल टोपीतला फोटो दाखवला, लग्नानंतर पहिल्यांदा गेलती तेव्हाचा, पायाले फळ्या बांधलेला. देवाच्या कोनाड्यात ठेवला आहे, काढाले सोपं जाते. त्यानं उलटासुलटा करून पाह्यला अन् विचारलं, हे शिकली कुठं? मी म्हटलं, ह्याच माजघरात.

खोटं आहे काय? तू सहा वर्षांची असशील. त्या सालीही कापूस होळीपर्यंत घरातच होता. आपल्यात कापसाले पाय लावत नाहीत, लागला तर हात लावून कपाळाले लावतात. पण तू शिडीवरून आढ्यापर्यंत चढली, माझं धान्य पाखडाचं सूप बुडाखाली घेतलं, अन् वरून जी सुटली ती थेट उंबऱ्यात. मी चुलीपाशी होती. उठून एक धपाटा घालाचा होता, तो घातला. मग दुसऱ्या खेपेले मीच वर चढून तुले मागून ढकललं, कारण तू वाकडी बसत होती अन् डोकं दाराले आदळलं असतं. तिसऱ्या खेपेले तुझा आजा दारात उभा. विमल, लक्ष्मीच्या अंगावर पोरगी नाचवते काय, असा ओरडला की गोठ्यातली गाय उठून उभी राह्यली. मी म्हटलं, तुमची लक्ष्मी तीन महिने झाले घरात बसून आहे, लेकरू अंगावर खेळलं तर तिलेही बरं वाटेल. संध्याकाळी त्यानं स्वतःच सुपाले मागून दोरी बांधून दिली, म्हणजे पोरगी उंबऱ्याच्या आत थांबेल. जुन्या कापसानं तुले अशी खाज सुटली की दोन दिवस कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या, अन् आंघोळ झाली की तू ओल्या केसांनी परत शिडीवर. त्या फोटोत तू जशी वाकून उभी आहे ना, गुडघे मोडून, हनुवटी पुढं, तशीच त्या सुपावर बसत होती. मी पाह्यल्याबरोबर ओळखली. तुझ्या त्या शिकवणाऱ्यानं पैसे फुकटचे घेतले.

म्हणून मले वाटते, रजतनंही घसरावं अन् मागून त्याच्या आईनं ढकलावं. दुसऱ्या कोणी नाही. पडला तर पडू दे, बर्फ काही माजघराच्या फरशीपेक्षा कडक नाही. गौरी घसरगाडीत रडेल, तर रडू दे, तिनं तुलेच पाहून रडावं. दिवाळीत ती सगळ्यालेच आई म्हणत होती, गाईले आई, पंख्याले आई, मलेही एकदा आई. तुम्ही सगळे हसले. मी हसली नाही, ते तू पाह्यलं होतं, अन् आजीचं डोकं दुखते असं समजून मले गोळी दिली. गोळी घेतली मी. डोकं दुखत नव्हतं.

आता जे ओसरीत बोलता येत नाही ते. तुझा बाप दोन वर्षांचा होता तेव्हा सोसायटीनं इथल्या वीस शेतकऱ्यांले दिल्लीचं शेतीचं प्रदर्शन पाहाले नेलं, बायका संगं आणा म्हणाले. मी हरखून गेली. तुझ्या आजानं मनाई केली नाही, मनाई केली सासूनं, पोराले नेऊ नको, थंडीनं मरेल. अन् मी ऐकलं. सदाशिवले मोठ्या जावेपाशी ठेवून गेली, अठरा दिवस. दिल्ली पाह्यली, मग मसुरीले नेलं. तिथं एका माणसानं बोट करून दाखवलं, अन् लांब आभाळाच्या कडेले पांढरी ओळ दिसली. कोणी कापूस वाळू घातला असेल असं मले वाटलं. तो म्हणे, बर्फ आहे. सगळ्या बायका आहा करून राह्यल्या अन् माझी लेकरू घ्याची कड रिकामी लागत होती, दाखवाले कोणी नव्हतं. घरी आली तर जाऊ अंगणात होती अन् तुझा बाप तिच्या लुगड्यामागं. मी हात केला. त्यानं तोंड फिरवलं अन् तिले माय म्हटलं. जावेची लेकरं मले काकी म्हणत, मग तोही काकी म्हणाले लागला. जाण्याआधी मले माय म्हणत होता, मिताली. साफ म्हणत होता. जावेचा दोष नाही, तिनं माझं लेकरू जिवापाड सांभाळलं. मले वाटलं आठ दिवसांत येईल परत तोंडात. मग थोरल्याचं ऐकून तुझ्या दोन्ही आत्याही काकीच म्हणाले लागल्या. मी तीन लेकरं वाढवली, अन् माय म्हणून हाक मारणारं घरात एकही नाही. सदाशिवले हे ठाऊक नाही, त्याले सांगजो नको, उगाच बावन्नाव्या वर्षी रडत बसेल. लोक म्हणतात एकत्र घरात असंच असते. असते तसं, पण माझ्या घरी ते मी अठरा दिवसांत केलं. एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं, अन् एवढ्यासाठी पाळणा वर चढवला. सोबत पार्सलात दोन बंड्या आहेत, एक रजतची, एक गौरीची. माजघरातल्या ढिगातलाच कापूस आहे, सरकी मी हातानं काढली, दिग्रसच्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणला, आतून माझ्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. बाजारात त्याले भाव नाही, पण बर्फात ऊब देईल, तेवढी त्याची लायकी मी जाणते. बंड्या धुवू नको, कापसाच्या गाठी होतात, नुसत्या उन्हात टाकजो. अन् फोटो काढशील तेव्हा रजतले गुडघे मोडून उभा करजो. कोनाड्यात तुझ्या शेजारी जागा केली आहे.

तुझीच आजी,
अन् तुझ्या बापाची माय,
विमल