कुठे निघालात?

वैशाखरे, गुरुवार

तीर्थरूप मामांना सुयोगचा नमस्कार. आसनगाव स्टेशनचा जिना चढताना गुडघा अजून कुरकुरतो का? मामीला सांगा, लोणचं पोचलं (बरणी वाटेत गळाली, त्यामुळे माझ्या दोन शर्टांनाही मिळालं).

बियाण्याच्या कंपनीत लागल्यावर तुम्ही बजावलं होतं, घुम्यासारखा राहू नकोस, माणसं जोड. कल्याणच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनीही तेच सांगितलं: ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, असा प्रश्न विचारा, माणूस आपोआप बोलतो. मग काय, दिसेल त्याला विचारत सुटलो. गाव बोलायला लागला, फक्त माझे घरमालक धर्माकाका तेवढे बोलेनात (मी काही विचारलं की ते तंबाखू मळायला घेतात). सोमवारी सकाळी काका कोरी टोपी घालून निघाले, मागे कमळाकाकू नारळाची पिशवी घेऊन. मी धावत पुढे गेलो आणि विचारलं, "काका, कुठे निघालात?"

चांगल्या कामाला निघालेल्याला 'कुठे' विचारू नये, हे तुमच्या घरात वाढलेल्या मुलाला कळायला नको? पण डोक्यात ट्रेनिंग बसलेलं. काका तिथूनच मागे वळले, ओटीवर बसले, पाणी प्यायले. तेवढ्यात मुरबाडची एसटी गेली. पुढच्या गाडीच्या वेळी मी तोंड गच्च मिटून घेतलं आणि काकूंना मदत म्हणून पाणी आणायला निघालो, तर रिकामी कळशी घेऊन नेमका काकांच्या समोर. ते पुन्हा आत.

दोघं म्हसा गावाला चालले होते, मुलीचं, म्हणजे नेहाचं, लग्न पक्कं करायला. मुलाकडच्यांनी दुपारपर्यंत वाट बघितली, अपमान मानला आणि सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला. काकू रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदाच बोलले, ते दिवे लागेपर्यंत थांबलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरीचा जमत आलेला तू मोडलास. आता तूच पोरगा बघून दे, नायतर खोली खाली कर."

तरी तुमच्या ओळखीत बघावं. बाकी सगळं ठीक.

तुमचा भाचा,
सुयोग

ता. क. मुलगा नोकरीतला आणि आपल्यातलाच हवा. फार लांब शोधू नका.

आणखी एक. काल नेहाची माफी मागायला गेलो. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मोडला ता बरा झाला. गावात सगळ्यांना विचारत फिरता, मला कधी काय विचारलात नाय." मामा, रविवारी तुम्हीच या आणि विचारा.