दोन दिवसांची वही

४ जानेवारी, संध्याकाळ

माझं आयुष्य बदललं तो क्षण: आज दुपारी सव्वातीन.

सराव पाठ होता. मी चाळीस मुलांना ‘पाण्याचे उपयोग’ शिकवत होतो, आणि मागच्या बाकावर बसून सर निरीक्षण वहीत लाल रेघा मारत होते. पाठ संपल्यावर म्हणाले, तुमचा पाठ बालकेंद्री नाही, तो तुमच्याच भोवती फिरतो. मी म्हणालो, मग तुम्हीच फिरवा! खडू टेबलावर, मी दाराबाहेर. दार असं आपटलं की भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता खाली आला. दीड वर्षाचं अध्यापक विद्यालय तिथंच संपलं.

पण खरा क्षण त्याच्या पुढचा. जिन्यात मागून मॉनिटर धावत आली. (आमच्या वर्गाची मॉनिटर. तिचं नाव इथं लिहायचं नाही, ताई गाद्या उचलून झाडते.) म्हणाली, वेड्या, शिक्षक पात्रता परीक्षेला तरी बस, अंतिम वर्षाची मुलं बसू शकतात, तुझं नाव अजून कापलेलं नाही. आणि स्वतःची वही माझ्या हातात दिली. शैक्षणिक मानसशास्त्र. दोनशे पानं, हिरवी शाई. म्हणाली, दोनच दिवस हं, माझ्याकडे एवढी एकच आहे.

एकुलती एक वही प्रेमाशिवाय कोण देतं?

संकल्प: परीक्षा २१ फेब्रुवारीला. रोज वीस पानं. बुधवारी वही परत.

६ जानेवारी, बुधवार

पान नऊ. वही परत करायचा दिवस. पण पान नऊवर रत्न सापडलं: प्रबलन. एखादं वागणं पुन्हा पुन्हा घडावं म्हणून समोरच्याला जे मिळतं ते. खाली तिनं लिहिलंय, प्रत्येक वेळी बक्षीस दिलं की सवय लवकर लागते आणि लवकर सुटते. अधूनमधून दिलं तर सुटता सुटत नाही.

ताडकन उठून बसलो. वही दिली तर ती इथं कशाला येईल? नाही दिली तर मागायला येईल. कधी दोन पानं द्यायची, कधी काहीच नाही. सवय लागलीच म्हणून समजा.

ही लबाडी नाही. शास्त्र आहे.

९ जानेवारी

भेट क्र. १. सांगितलं, वही ताई वाचतेय. (ताई पंधरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. तिला वही कशाला हवी, हे मॉनिटरनं विचारलं नाही. भोळी आहे.) दोन पानांची झेरॉक्स दिली. थँक्स म्हणाली. वळून पाहिलं. चप्पल राहिली होती म्हणून, पण पाहिलं.

१५ जानेवारी

भेट क्र. २. ठरल्याप्रमाणे काही दिलं नाही. वही झेरॉक्सवाल्याकडे आहे, मशीन बंद पडलंय, म्हणालो. कुठला झेरॉक्सवाला म्हणे. म्हटलं, कोपऱ्यावरचा. प्रत्येक रस्त्याला कोपरा असतोच.

तिचं तोंड एवढंसं झालं. ती गेल्यावर दोनदा वही तिला द्यायला उचलली, दोनदा परत ठेवली. पान अकरा उघडलं तर तिथं याचंच वर्णन! मनात एक आणि वागण्यात भलतंच असलं की होणारी अस्वस्थता. म्हणजे हा अपराधीपणा नाही, अभ्यासक्रमातला मुद्दा आहे. जिवात जीव आला. आनंदात पानावर चहा सांडला.

२० जानेवारी

‘नकारात्मक प्रबलन’ डोक्यात शिरत नाही. वर्गातही दोनदा चुकलं होतं. ताईला विचारलं. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, अरे, गाडीत पट्टा लावला नाही की टिंगटिंग वाजत राहतं. लावला की थांबतं. म्हणून माणूस पट्टा लावायला लागतो. नकोशी कटकट गेली, योग्य वागणं वाढलं. शिक्षा वेगळी, ती वाईट वागणं कमी करायला.

म्हटलं, म्हणजे तेच. ताई म्हणाली, डोंबल तेच.

मी भडकलो. आपल्याकडे गाडीच नाही, हे उदाहरण बालकेंद्री नाही, म्हणालो. ताई म्हणाली, बालकाला दाढी करायला सांग आधी.

२४ जानेवारी

प्रात्यक्षिक. पात्र: भाची, वय साडेपाच. बुटक्या ग्लासातलं पाणी तिच्यादेखत उंच ग्लासात ओतलं. पुस्तकाप्रमाणे या वयाच्या मुलानं ‘आता जास्त झालं’ म्हणायला हवं. ही म्हणाली, तेवढंच आहे मामा, तू नुसता ग्लास बदललास. मग म्हणाली, मामा, तुझ्या गादीखालची हिरव्या अक्षरांची वही कुणाची?

म्हटलं, कुणाचीच नाही. दोन बिस्किटं दिली. हे सकारात्मक प्रबलन झालं. लाच नव्हे.

३० जानेवारी

भेट क्र. ३. लिहवत नाही, पण लिहितो.

ती आत न बसता बोलली. सकाळच्या शाळेत ती बदली बाई म्हणून उभी राहते. मोठ्या बाईंनी सांगितलंय, ही परीक्षा पास झालीस तर जूनपासून वर्ग तुझा, नाहीतर दुसरी बघू. म्हणाली, तीन आठवडे राहिलेत, माझ्याकडे वही नाही, तुला समजतंय का? मी म्हणालो, समजतंय, पुढच्या भेटीत बघू. तेव्हा म्हणाली, तुला दारं आपटता येतात, घेतलेली वस्तू परत करता येत नाही.

ताईसमोर!

माझं डोकं फिरलं. ओरडलो, हरवली! हरवली तुझी वही! काय करायचं ते कर! आणि दार आपटून बाहेर आलो.

बाहेर आल्यावर लक्षात आलं की घर आमचं होतं. ती आत, मी जिन्यात. अर्धा तास तिसऱ्या पायरीवर बसून काढला. ती गेली तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पाय आवरून घ्यावे लागले.

३१ जानेवारी

हरवलेली वही परत कशी देणार? हरवलेल्या वस्तू सापडतात, जगात होतं असं. पण स्वतःच्या गादीखाली?

संकल्प: सोमवारी ‘सापडली’ म्हणून नेऊन देणे. तोवर वही माळ्यावर, जुन्या पंख्याच्या खोक्यात.

१ फेब्रुवारी, सोमवार

घसा बसलाय.

५ फेब्रुवारी

फोन केला. दोन रिंग झाल्या, ठेवला. तिनं उलटा केला. मी न्हाणीघरात शिरलो. भाचीनं उचलला आणि बराच वेळ बोलत बसली. काय बोललीस विचारलं तर म्हणे, बिस्कीट दे मग सांगते. डबा रिकामा होता.

१२ फेब्रुवारी

तेरा दिवस ती आली नाही. पान दहा: प्रबलन थांबलं की वर्तन लोप पावतं. शास्त्र बरोबर निघालं. आनंद व्हायला हवा होता.

अभ्यास: पान अकरा. वही माळ्यावर, शिडी शेजाऱ्यांकडे. शेजारी गावाला.

१७ फेब्रुवारी

शिडी आली. वही पिशवीत घातली आणि थेट तिच्या गल्लीत गेलो. तळमजल्यावरच्या खिडकीत बसली होती. समोर नवी कोरी वही, आजूबाजूला ग्रंथालयाची पुस्तकं. सगळं पहिल्यापासून लिहीत होती. मधेच पेन ठेवून बोटं झटकली, हातावर फुंकर मारली, पुन्हा पेन उचललं.

आता हाक मारली तर तिची एकाग्रता मोडेल. विद्यार्थ्याचं हित आधी. कोपऱ्यावर पाऊण तास उभा राहिलो आणि परत आलो. वही पुन्हा माळ्यावर.

प्रत्येक रस्त्याला कोपरा असतोच, नालायकांना उभं राहायला. (शेवटचा शब्द नंतर खोडावा.)

२१ फेब्रुवारी

परीक्षा झाली. त्रेचाळिसावा प्रश्न, नकारात्मक प्रबलन म्हणजे काय. ‘शिक्षा’चा गोल काळाकुट्ट केला. इतका ठाम मी आयुष्यात कधी नव्हतो. ती दोन बाकं पुढे होती. मधल्या बोटावर हिरवा डाग. सगळा वेळ मला डागच दिसत होता. माझे मार्क गेले तर त्या डागामुळे.

८ एप्रिल

निकाल. पास व्हायला नव्वद. ती एकशे एकवीस. मी चौसष्ट.

पेपर बालकेंद्री नव्हता.

संध्याकाळी माळ्यावरून वही काढली आणि पहिल्यांदाच पान बारा उघडलं. वरच मोठ्या अक्षरात, तीनदा अधोरेखित: नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे!! शेजारी समासात बारीक अक्षरात: हे त्याला दोनदा चुकलंय, बसून समजवायचं.

‘त्याला’ म्हणजे कुणाला, ते लिहिलेलं नाही.

वर्गात हे दोनदा एकाच मुलाचं चुकलं होतं.

९ एप्रिल, दुपार

दाढी केली. सकाळीच तिच्या शाळेत गेलो. दुसरीचा वर्ग, पाढे चालू होते. मी दारात दिसलो आणि पाढे सातावर अडकले. चाळीस डोकी माझ्याकडे वळली. पुढच्या बाकावरची एक वेणीवाली विचारते, बाई, हे कोण? ती म्हणाली, वही द्यायला आलेत. वेणीवाली म्हणाली, उशिरा आणली ना? ओणवं करायचं का?

वर्ग खदाखदा हसला. मी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, सापडली.

तिनं पानं चाळली. म्हणाली, चहाचा डाग अकरावर आहे, पुढची पानं कोरी करकरीत आहेत. मग हळू म्हणाली, गादीखाली आहे हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं, तुझ्या भाचीनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, मग यायचंस की, मागायचीस. म्हणाली, तीनदा आले होते. नंतर म्हटलं, बघू, आपण होऊन आणतो का.

मी म्हटलं, आणली. म्हणाली, हो, आणलीस.

मला पुष्कळ बोलायचं होतं. माफीचं वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं, चांगलं मोठं होतं. तोंडातून आलं, पान बारा वाचलं. ती फळा पुसायला वळली. पुसलेलाच होता, तरी पुसत राहिली. म्हणाली, चुकलं ना परत? म्हटलं, चुकलं.

तोवर मागच्या बाकांवर मारामारी जुंपली होती, कुणीतरी कुणाचा डबा लपवला होता, एक जण रडत होता, दोघं बाकावर चढली होती. ती म्हणाली, तू इथं उभा आहेस तोवर ही गप्प बसायची नाहीत. जाताना दार लाव.

बाहेर आलो. दार लावलं, हळू, कडीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही. आत एकदम शांत झालं, आणि मग सगळा वर्ग एका सुरात सातापासून पुढे सुरू झाला.