कुठला पाय पुढे

सेबू, रविवार

आई, आशीर्वादासाठी तुझा हात कपाळाला लावून लिहितोय असं समज.

बांधकामावर बरं चाललंय, भात-मासळी वेळेवर मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

रागावू नकोस, मी स्केटबोर्ड घेतोय. रेनान्तेदादा ज्याच्यावरून उतारावर पडून आपल्यातून गेला, तसला वेगाचा नव्हे. हा फ्रीस्टाइलचा, सपाट फरशीवर जागच्या जागी नाचवायचा. फळी अरुंद, चाकं लहान आणि दगडासारखी कडक. उतारावर न्यायचा नाहीच.

दुकानदार तेबानकाका म्हणाले, "आधी कुठला पाय पुढे ते बघू. डोळे मीट, मी मागून ढकलतो. जो पाय आधी पडेल, तो फळीवर पुढे."

मी डोळे मिटले. धक्का बसला आणि उजवा पाय पुढे पडला.

"हळू की काका!"

काका समोर गल्ल्यामागून हसले, "येड्या, मी अजून जागचा हललोय कुठे?"

आई, माझा कायम डावा पुढे असायचा. उजवा दादाचा. आणि धक्का जोराचा नव्हता, तो खेळताना द्यायचा तेवढाच.

फळी दुकानातच ठेवलीय. तू नको म्हणालीस तर घेणार नाही. हो म्हणालीस, तर कुठला पाय पुढे टाकू तेही तूच सांग.

तुझा धाकटा,
जोमार