टेकडीची पूर्व बाजू

न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया
१९ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप वरलक्ष्मी आत्यास,
विनुताचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे, हे आधी. पत्र मुद्दाम नागरीत लिहिते आहे. अप्पा घरी मराठी बोलत असले तरी त्यांना वाचता तमिळच येतं, आणि ही बातमी इतक्यात त्यांना कळायला नको.

रविवारी पॅराग्लायडर घेऊन टेकडीवरून उडाले. इथल्या पूर्व उतारावर गरुडांचं घरटं आहे. मी बरीच उंच असताना मादी वरून झेपावली आणि नख्यांनी कापडी पंख फाडला. दुसऱ्या झेपेत पंख मिटलाच. राखीव हवाई छत्री उघडली म्हणून वाचले. मेंढ्यांच्या कळपात उतरले. घोटा मुरगळला आहे. गरुडाला काही झालं नाही.

घरट्यात पिल्लू आहे. क्लबचे अध्यक्ष घरटं हलवायची परवानगी मागणार आहेत. त्यासाठी पक्षी विनाकारण हल्ला करतो, असा माझा लेखी जबाब त्यांना हवा आहे. नाही दिला तर पिल्लू उडेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, टेकडी बंद, नोव्हेंबरची स्पर्धेसाठीची निवड फेरी रद्द, आणि माझ्यासह चौघांचं वर्ष वाया. काय करू, ते कळवा.

तुमच्या मायेतली,
विनुता


मेलवीथी, तंजावूर
६ ऑक्टोबर २०२३

चि. विनुतास,
वरलक्ष्मीचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मुरली, तुझा अप्पा, इथंच काफी पीत बसला होता. तुझं अक्षर बघून वाचून दाखव म्हणाला. धाकट्या भावाशी या वयात खोटं बोलवेना, सगळं वाचलं. तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं आत येऊन विचारलं, कोणता पाय? मग म्हणाला, तिला परत बोलाव. मी म्हटलं, ते तूच सांग. मेंढ्यांचं ऐकून मात्र हसला.

आता माझं. तेहतीस वर्षं शाळेत मुलींचे निबंध तपासले. गाळलेली ओळ मला दिसते. घरटं पूर्वेला आहे, हे तू लिहिलंस. बाकीचे कुठल्या बाजूनं उडतात, ते नाही लिहिलंस. तू तिथं का गेली होतीस? ते आधी स्वतःला सांग, मग जबाब लिही.

घोट्याला तिळाचं तेल लाव. आठवण ठेव.
आत्या


न्यू साउथ वेल्स
१२ डिसेंबर २०२३

तीर्थरूप आत्यास,
कृतज्ञतेनं सा. न.

बाकीचे सगळे पश्चिमेकडूनच उडतात. पूर्वेला जाऊ नये अशी पाटीही आहे. पण सकाळी तिकडचा खडक आधी तापतो आणि वर उचलणारी हवा लवकर मिळते. मला ती हवी होती. दोन जबाब लिहून फाडले. तिसऱ्यात हे लिहिलं.

घरटं राहिलं. टेकडी बंद झाली, निवड फेरी गेली, आणि क्लबनं मला महिनाभर उडायला मनाई केली. माझ्या खोलीत राहणारी हरिप्रिया त्या चौघांतलीच. ती म्हणाली, खरं लिहिलंस ते बरोबर, पण मला इतक्यात तुझ्याशी बोलवणार नाही. स्वयंपाक करते, माझं ताट झाकून ठेवते, बोलत नाही.

अप्पांचा फोन आला होता. परत ये म्हणाले नाहीत. पक्षी केवढा, ते विचारलं. पंख पसरले की माझ्यापेक्षा लांब, असं सांगितलं. मग म्हणाले, पुन्हा दिसला तर लांबूनच नमस्कार कर.

पिल्लू उडायला लागलं, तशी या रविवारी टेकडी उघडली. मी पश्चिमेकडून उडाले. मादी आली आणि माझ्यावर घिरट्या घालू लागली. मी लगेच वळून खाली आले. जेमतेम अकरा मिनिटं उडाले असेन.

उतरले त्या शेतात हरिप्रिया गाडी घेऊन आली होती. बोलली नाही. पण मी पंखाची घडी घालायला वाकले, तेव्हा दुसरं टोक तिनं धरलं.

अप्पांना हे वाचून दाखवा.
तुमचीच,
विनुता