वीतभर केराची हकिगत

क्योतो,
नोव्हेंबरअखेर

तीर्थस्वरूप सुमिए आत्यांना,
तमाकीचा चटईला कपाळ टेकून नमस्कार.

इकडे सकाळचं पाणी हाताला चावायला लागलंय, देवळातल्या गिंकोच्या झाडाने पिवळी पानं टाकायला घेतलीत आणि मागच्या अंगणातला बेडूक दिसेनासा झालाय (गारठ्याने मातीत शिरला असावा, खात्री करायला मी उकरलं नाही). तुमचा नवा खुबा कसा आहे? तोमोनोरीदादा फोनवर म्हणाला की डॉक्टरांनी सांगितलंय त्याच्या दुप्पट तुम्ही चालता. तुम्ही मोठ्या, मी सांगणं बरोबर नाही, पण कमी चाला. सुनेच्या हातचं जेवण गोड लागतं ना? (नसेल लागत तरी लागतं असंच लिहा. तुमचं पत्र आधी ती वाचते.)

तुम्ही ऑपरेशनसाठी दादाकडे निघताना उंबऱ्यावर बसून बूट घालत म्हणाला होतात, "महिनाभर गेस्ट हाऊस चालवून दाखव. समोरच्या ओबाताबाई हो म्हणाल्या तर घर तुझं. नाही म्हणाल्या तर तोमोनोरी म्हणतो तसं विकून टाकू." यंदा गल्लीचं कारभारीपण ओबाताकाकूंकडे आहे आणि त्यांची मान हलल्याशिवाय आपल्या दारात गेस्ट हाऊसचा कंदील कायमचा टांगता येत नाही, तेव्हा तुमची अट रास्तच आहे. महिना संपत आला, म्हणून हा अहवाल. जे घडलं ते सगळं लिहिणार आहे, माझ्या विरुद्ध जाणारंसुद्धा. माझ्या बाजूने एक अक्षर घालणार नाही. आजीने मला शाळेत घालण्याआधी घरातच जे शिकवलं त्यात हे पहिलं होतं.

मागच्या आठवड्यात एकच पाहुणे होते, श्री. तोगाशी. अकिताकडच्या बर्फातल्या एका गावचे, निवृत्त बसचालक, वय तुमच्याएवढं (मी विचारलं नाही, त्यांनी दारातच सांगितलं, रक्तदाबही सांगितला). पाहुणा आत आला की मी आधीच सगळ्याची क्षमा मागून घेते, म्हणजे पुढे त्याची निराशा होत नाही. जिना शिडीसारखा उभा आहे, भिंती कागदाएवढ्या पातळ आहेत, न्हाणीघराला अंगण ओलांडून जावं लागतं, माजघराची चौकट बुटकी आहे. चौकटीबद्दल क्षमा मागायला मी वाकले, मला मान द्यायला तेही वाकले, आणि वर उठताना त्यांचं कपाळ त्याच चौकटीवर आपटलं. मी पुन्हा क्षमा मागितली. ते पुन्हा वाकले. (तिसऱ्या वेळी मी मध्ये उशी धरली.) शेवटी ते म्हणाले, "पोरी, असंच चाललं तर चहा उद्या मिळेल. आणि मला साहेब-बिहेब म्हणू नकोस, काका म्हण."

तोगाशीकाका आठवडाभर देवळं बघायला आले होते. पहिल्या दिवशी एक बघून दुपारच्या आत परतले. "बघितलं. बाकीची तशीच असणार," म्हणाले. (मी उलट बोलले नाही, पण उरलेल्या देवळांची मनात क्षमा मागितली.) मग त्यांना करमेना. मी दोनदा पुसलेला जिना त्यांनी तिसऱ्यांदा पुसला, न्हाणीघराचं करकरणारं दार गप्प केलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आपला खराटा घेऊन बाहेर पडले. मी पोळीसारख्या पातळ अंथरुणात होते. खराट्याचा आवाज ऐकून मला वाटलं, वा, काका आपलं दार झाडतायत. मग आवाज लांब गेला. आणखी लांब गेला. पार देवळापर्यंत गेला आणि पलीकडच्या बाजूने परत यायला लागला. आत्या, मी झोपायच्या कपड्यांवर बाहेर धावले, तोवर अख्खी गल्ली ताटासारखी लख्ख झाली होती. दोन्ही बाजूंची सगळी दारं!

आजीने माझ्या हातात पहिला खराटा दिला तेव्हा बजावलं होतं, आपलं दार झाडावं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर झाडावं. वीतभर म्हणजे आपुलकी. त्याहून कमी झाडलं तर हात आखडला, आणि जास्त झाडलं तर 'तुमचं दार तुम्हाला सांभाळवत नाही' असं तोंडावर सांगितलं. काकांना हे समजावलं तेव्हा ते खराट्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिले. "आमच्याकडे जो आधी उठतो तो सगळ्यांच्या दारातलं बर्फ ओढतो," म्हणाले. "म्हातारी माणसं आत अडकतात ना." मी म्हटलं, काका, पानांत कुणी अडकत नाही. (हे वाक्य मला नंतर परत गिळावं लागलं. ते पुढे येईल.)

थोड्या वेळाने नेहमीप्रमाणे एकेक दार सरकलं आणि एकेक जण खराटा घेऊन बाहेर आला. झाडायला काहीच नव्हतं. सगळे खराटे हातात धरून उभे, जणू काही फोटो काढायचाय. शेजारचे टोफूवाले मुराजीकाका म्हणाले, "तमाकी, आम्ही अजून जिवंत आहोत हो. मेलो की कळवू." आणि ओबाताकाकू, समोरून, अतिशय गोड हसत, "अगबाई! आमच्या दाराला नवे मालक आले वाटतं. आम्ही आता कुठे जायचं तेवढं सांग." एवढं बोलून त्यांनी दार हळूच लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तडक मिठाई आणून घरोघरी क्षमा मागून आले. सगळ्यांनी घेतली, विषय मिटला. फक्त ओबाताकाकूंकडून दुपारी सलगमच्या लोणच्याचं लाकडी पिंप आलं. म्हणाल्या, "तुझ्या पाहुण्याने माझं दार झाडलं, त्याची मजुरी." आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? आलेल्या वस्तूच्या निम्म्याने परतफेड करावी, हे आजीचं दुसरं शिक्षण. मी त्या अंदाजाने पर्सिमनच्या केशरी फळांची टोपली नेली. ओबाताकाकू कुणाच्या ऋणात राहणाऱ्या नव्हेत. टोपलीच्या निम्म्याने त्यांच्याकडून तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आल्या. मी भाजलेली चेस्टनट नेली. त्यांच्याकडून संत्री आली, लहान. मी पुडीभर सुके मासे नेले. प्रत्येक वेळी रेशमी रुमालात बांधून, गल्ली ओलांडून, वाकून. जसजशी वस्तू लहान होत गेली तसतशी मी जास्त खाली वाकायला लागले, कारण रुमालात आता काही आहे की नाही ते बघणाऱ्याला कळेना. मुराजीकाका दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायला लागले. "आज काय नेतेस? अर्धा श्वास?" असं विचारायचे. थांबावं असं मला रोज वाटायचं, पण थांबायचं म्हणजे आपल्या घराने त्यांचं देणं ठेवायचं, आणि घर राहणार की जाणार ते तर त्यांच्याच शब्दावर. शिवाय एक गोष्ट मला फार लागली होती. ओबाताकाकू प्रत्येक वस्तू एका हाताने द्यायच्या. डाव्या! दुसरा हात किमोनोच्या बाहीत. एवढ्या रीतीच्या बाईने डाव्या हाताने द्यावं म्हणजे आपल्याबद्दलचं मत पक्कं झालं, असं धरून मी सामान आवरायला घ्यावं का, याचा विचार करत होते.

आणि मग शनिवारी लाखेची डबी आली. आत कापसावर काळ्या सोयाबीनचा एक दाणा. शिजवलेला, चकचकीत, एकच.

दाणा चिरायच्या पाटावर ठेवून आणि सर्वांत बारीक सुरी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते कोण जाणे. (उभा कापला तर अर्धुक चेपतं, आडवा कापला तर साल सुटतं.) तेवढ्यात तोगाशीकाका पाणी प्यायला आले. त्यांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"छान शिजलाय," म्हणाले. "बाकीचे कुठायत?"

आत्या, मी ओरडले नाही. आजीच्या शिकवणीत ओरडणं कुठेच बसत नाही. पण मला खाली बसावं लागलं. काकांना सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या गावात एवढे हिशेब ठेवायला जागा नाही गं, सगळी बर्फाने भरलेली." मग मी रिकामी डबी घेऊन निघाले. रिकामी डबी परत करणाऱ्या बाईबद्दल आजी काय म्हणायची ते तुम्हाला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

मी दारातच सांगून टाकलं, "काकू, दाणा पाहुण्यांनी खाल्ला."

"आख्खा?"

"आख्खा."

ओबाताकाकूंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. "सुटले गं बाई! तू अर्धा आणलास तर मी काय देऊ म्हणून सकाळपासून डोकं फुटायची वेळ आली होती. दुसऱ्या एका दाण्याचं साल बाजूला काढून ठेवलं होतं मी." आणि त्या हसल्या, गल्लीसाठी ठेवलेलं हसू नव्हे, दुसरंच, नाकातून येणारं. मला इतकं हलकं वाटलं की डबी पुढे केली आणि त्यांनी नीट धरायच्या आत सोडली. डबी पडताना पाहून त्यांचा दुसरा हात आपोआप बाहीतून बाहेर आला. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं. डबी त्याला लागून दगडावर पडली.

आम्ही दोघी डबीकडे बघत राहिलो.

"लाख उडाली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही उडाली," मी म्हटलं.

हाताबद्दल कुणीच काही बोललं नाही. पण परत फिरताना मी पहिल्यांदा गल्लीकडे नीट पाहिलं. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी ओबाताकाकूंच्या हद्दीत बरोबर वीतभर झाडलं होतं, मीही रस्त्याच्या मधोमध येऊन वीतभर पुढे झाडून थांबले होते, आणि मध्ये त्यांच्या दाराशी पिवळ्या पानांचा ढीग साचला होता. म्हणजे गल्लीला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे कळू नये म्हणून सगळे मापात झाडत होते. मला मात्र तो ढीग म्हणजे शरद ऋतू वाटला होता. ज्या एका माणसाला काहीच ठाऊक नव्हतं त्याने तेवढा झाडला, आणि मी त्याची घरोघर क्षमा मागून आले!

त्या दिवशी मी जेवले नाही (थोडं जेवले). झाडावं तर त्यांचा हात मोडलाय हे गल्लीत जाहीर करणं. न झाडावं तर ढीग वाढतोय. आजीने या प्रसंगासाठी काही शिकवलं होतं का ते खूप आठवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तोगाशीकाका निघायच्या वेळी ओबाताकाकू आल्या. मागच्या दाराने नव्हे, पुढच्या. लग्नाला नेसतात तसा किमोनो नेसून. मी समजले की आता कंदील उतरवायचा.

"तमाकी, मी कारभारी म्हणून आलेय," त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुझ्या पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा येता-जाता सगळा पाला माझ्या दारात उडवतात. किती सोसायचं माणसाने? आजपासून माझं दार तुझ्या घराने झाडायचं. दंड आहे हा."

तोगाशीकाका माझ्या शेजारीच उभे होते, पाठीवर कापडी बोचकं घेऊन. आठवड्यात गल्लीत एकही चाक फिरलं नव्हतं. ते खरं वाक्य माझ्या ओठांवर आलं, आत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरं वाक्य गिळलं.

"कधीपर्यंत, काकू?"

"दंड कधीपर्यंत ते भरणाऱ्याने विचारायचं नसतं. आणि घर विकून पळालात तर दंड कोण भरणार? सुमिएला लिही, ओबाताला हे अजिबात चालायचं नाही."

तोगाशीकाका हसू दाबायला इतके खाली वाकले की मी सवयीने उशी शोधायला लागले. निघताना म्हणाले, "पोरी, एकदा आमच्याकडे ये, बर्फात. तिथे कुणाची हद्द कुठे संपते तेच दिसत नाही." आता मी रोज दोन दारं झाडते. ओबाताकाकू खिडकीतून मोठ्याने "कोपरा राहिला!" म्हणतात आणि मुराजीकाका म्हणतात, "भर, भर. आमच्या वेळी एवढे कडक दंड नव्हते हो."

तर अहवाल असा आहे. यात गल्लीचा अपमान, लोणच्याचं पिंप, एक दाणा आणि माझा मूर्खपणा सगळं आलंय, आणि कारभाऱ्यांचं म्हणणंही त्यांच्याच शब्दांत दिलंय. ते हो आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही. तुम्ही जो निर्णय घ्याल तो मला शिरसावंद्य असेल. थंडीत खुब्याला ऊब द्या. दादाला आणि वहिनींना माझा नमस्कार.

तुमची आज्ञाधारक भाची,
तमाकी

ता. क. परत आल्यावर ओबाताकाकू भेटतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघा, उजव्या बाहीकडे नको. तुम्हाला काहीही माहीत नाही. चाकांच्या बॅगांबद्दल मात्र दोन शब्द दिलगिरीचे बोला, त्यांना बरं वाटेल.

ता. ता. क. दादाने पाठवलेला घर मोजणारा माणूस मंगळवारी येऊन गेला. मी त्याला चहा दिला आणि विचारायच्या आधीच सगळं खरं सांगितलं: जिना, भिंती, न्हाणीघर, पावसाळ्यात मोरीला येणारा वास, माळ्यावरचा म्हातारा उंदीर, आणि जो मालक होईल त्याला भरावा लागणारा दंड. "कसला दंड?" म्हणून त्याने विचारलं तेव्हा ओबाताकाकू खिडकीतच होत्या. त्यांनी त्याला स्वतः, हसत हसत, बराच वेळ समजावलं. तो गेला. मोजपट्टी इथेच राहिलीय. मी एक शब्दही खोटा बोलले नाही, हे दादाला कळवावं.

ता. ता. ता. क. निर्णय शिरसावंद्य असेल असं मी वर लिहिलंय, ते पत्राची रीत म्हणून. विकलंत तर मला शिरसावंद्य नसेल. मी जाणार नाही. खूप दिवस तेवढंच लिहायचं होतं.