गिअरवरचा हात

अहो,

तुम्ही ड्युटीवरून येऊन झोपले म्हणून उठवलं नाही. मी बसनं सौसरले चालली, गाडी आणाले. भाजी झाकून ठेवली आहे, पोरगी आईंजवळ आहे.

इथल्या दोघाही मिस्त्रींनी गाडी न चालवताच अख्खा गिअरबॉक्स बदलाले सांगितला होता. सौसरच्या हेमराजभाऊ मिस्त्रींनी, गाडी टाकाले गेली तवा, आधी मलेच गाडी चालवाले लावली अन् स्वतः बाजूले कान देऊन बसले. तिसरा गिअर आपोआप सुटला तसं म्हणाले, "रोज गाडी कोण चालवते? त्याहीचा हात गिअरवरच राहते का?" मी हो म्हटलं. त्या हाताच्या वजनानंच गिअर सरकवणारा आतला फोर्क घासला म्हणे. तेवढाच बदलला, असा काल त्याहीचा फोन आला. यापुढं गिअरवर हात ठेवू नका, असं बजावून सांगितलं.

त्या हातावर माझाही हात राहे, हे मी त्याहीले सांगितलं नाही. पोरगी झाल्यापासून मी मागंच बसून राहिली. तुमचा हात अजूनही तिथंच असते, मले मागून दिसते.

रविवारी तिगावले जाताना पोरीले मागं आईंच्या मांडीवर द्या. मी समोर बसीन. मिस्त्रीचं ऐकाचं का नाही, ते मंग पाहू.

अर्चना