एक्केचाळीस नंबरची काच

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवसभर करतोस तरी काय, असं विचारलंस. ऐक. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारावरच्या बेलसारखे. बेल दाबली गेली की गाठीतली पेशी वाढायला लागते. आमचं नवं औषध त्या बेलवरच ठाण मांडून बसतं. मग ती कुणाला दाबता येत नाही. पण बेलच नसेल तर औषध बसणार कुठे? म्हणून मी काचेवर ठेवलेल्या गाठीच्या पातळ कापावर रंग घालतो. रिसेप्टर असले तर पेशीला तपकिरी कड येते, नसले तर पेशंट औषधाच्या चाचणीतून बाद, जागा मोजक्याच. नावं कळत नाहीत, फक्त नंबर. काल जेवायची घाई होती. एक्केचाळीस नंबर अगदी कोरा, अर्ध्या मिनिटात उडवला! साहेब माझ्या वेगावर खूश आहेत.

लोभ आहेच, तो वाढव.
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू घाबरट, म्हणून लपवलं होतं. माझ्या छातीत गाठ आहे, पसरलीय. काल डॉक्टर म्हणाले, नवं औषध मला लागू पडणार नाही, रिसेप्टरच नाहीत. चिठ्ठीवर नंबर एक्केचाळीस. मला हसूच आलं. परक्याने तपासलं असतं तर मन खात राहिलं असतं. तू बघितलंस म्हणजे काम चोख. नशिबात नव्हतं, एवढंच. आता शांत झोप लागते.

माया अशीच राहू दे.
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रंग नीट चढलाय ना, हे कळायला प्रत्येक खेपेला एक खात्रीची काच ठेवतात. तिच्यावर तपकिरी कड यायलाच हवी. ती आधी बघायची असते. त्या दिवशी मी बघितली नाही. आज काढली, तर तीही कोरी. रंगच बिघडलेला होता. त्या खेपेत काप एकच होता, तुझा. तो पुन्हा रंगवला. शंभरातल्या ऐंशी पेशींना कड आली. साहेबांचे पाय धरले. पण चाचणीतली शेवटची जागा शनिवारी दुसऱ्या बाईंना दिली, यादी बंद झाली. ताई, तुला सांगितल्याशिवाय राहवेना. मला क्षमा कर.

तुझा,
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,

तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. मला मात्र ऐकल्यावाचून मरता आलं असतं. नशिबाशी माझं जमलं होतं, तेवढंही तू ठेवलं नाहीस. स्वतः मोकळा झालास आणि मी त्या ऐंशी पेशी मोजत पडून असते. क्षमा करत नाही.

आईला यातलं काही कळवायचं नाही. तिला मी सांगितलंय की धाकट्याने जातीने तपासलं. माझ्यामागे ती तुझ्याकडेच राहायला येईल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे कौतुकाने सांगेल. तिला अडवायचं नाही. दर वेळी समोर बसून ऐकायचं.

लोभाचं काही लिहीत नाही.
ताई